यादी मशीनमधून गेली नाही

प्रमिलाताईने यादी फोडली नव्हती. यादी माझ्या हातून बाहेर गेली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्या डॉक्टरसाहेबांना सांगायला हवं होतं ते आता हयात नाहीत. माणूस पुष्कळ वर्षं एका गोष्टीबद्दल गप्प बसला की हळूहळू इतर गोष्टींबद्दलही गप्प होतो, आणि मग लोक म्हणतात, स्वभावच तसा आहे. ऑफिसात माझ्याबद्दल तसंच म्हणतात. कमी बोलतो, पण कामाचा माणूस आहे. पन्नाशी जवळ आली, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

तेव्हा आम्ही गोंदियाजवळ मुर्रीला राहायचो. बाबा राइस मिलमध्ये मिस्त्री होते. पट्टे, चाळण्या, बेअरिंग यांच्यातच त्यांचा दिवस जायचा. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर आणि कानांत कोंड्याची पिवळी पूड असायची. मिलच्या घरघरीने कान बसलेले, त्यामुळे ते ओरडूनच बोलायचे. ते ओरडून बोलायचे म्हणून आईही ओरडून बोलायची, आणि मला आणि माझ्या बहिणीला तेच वळण लागलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी शेजारच्या तीन घरांना कळायचं. सकाळी रेल्वेकडून मालगाडीचे डबे एकमेकांना ठोकल्याचा आवाज यायचा, त्यात आईच्या तव्याचा आवाज मिसळायचा. आई आयते करायची. तांदळाचं पातळ पीठ वाटीने तव्यावर फिरवत ओतायचं, कडा सुटल्या की उचलायचं. सोबत जवसाची चटणी, नाहीतर सुके झिंगे टाकून केलेलं वांग्याचं कालवण. मी आता नागपुरात राहतो. बायको आयते करते, चांगले करते, पण त्यांना जाळी पडत नाही. पीठ तेच आहे म्हणते. असेल.

आठवड्यातून दोनदा तरी या आयत्यांना प्रमिलाताई असायची. जवळच फुलचूरला एक धर्मादाय दवाखाना होता, तिथे ती काम करायची. मूळची सालेकशाकडच्या जंगलपट्ट्यातली, गोंड घरातली. नवरा तिकडेच वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला, आणि ही इथे एक खोली घेऊन राहायची. मोपेडच्या पुढे निळा बर्फाचा डबा ठेवून ती गावोगाव रक्ताचे नमुने घ्यायला जायची. म्हाताऱ्यांशी गोंडी, शेतकऱ्यांच्या बायकांशी पोवारी, गोंदियातल्या दुकानदारांशी हिंदी, असं तिचं सगळीकडे जमायचं. आईला दोनच टाका म्हणायची आणि पाच खाऊन उठायची.

ती तपासणी सिकलसेलची होती. आमच्या भागात हा रक्ताचा दोष पुष्कळ घरांत आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तर मूल आजारी निघतं, हाडं दुखतात, रक्त कमी होत जातं. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत असतो, फक्त दोष पुढे देऊ शकतो. त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांनी लग्न करण्याआधी नीट विचार करावा, म्हणून ही तपासणी. पण लोक घाबरायचे ते सुईला नाही. मुलगी वाहक आहे एवढं जरी गावात कळलं तरी तिला कोण करणार, ही भीती होती. म्हणून प्रमिलाताई प्रत्येक ओसरीवर बसून एक शब्द द्यायची. नाव दवाखान्याच्या बाहेर जाणार नाही. तिच्या कामाचं सगळं वजन या एका शब्दावर होतं.

आमच्याही घरी तिने रक्त घेतलं. बाबांनी हात मागे घेतला. "कायले पायजे माह्यं रक्त? मिलमधी रोज सांडून राहिलं, तिथूनच भरून नेजो."

"मिलचं चालत नाही, काकाजी," ती म्हणाली. "त्यात कोंडा असते."

बाबा हसले आणि हात पुढे केला. पुढे पंधरा दिवसांनी तिने आईला चुलीपाशी नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. आई आणि मी वाहक निघालो होतो. त्या घरात हळू आवाजात बोललेली मला आठवणारी ती पहिली गोष्ट.

मी तेव्हा दवाखान्याच्या भिंतीला लागून असलेलं सायबर कॅफे चालवायचो. मालक रायपूरला असायचा. सहा मशीन, एक प्रिंटर, एक कूलर. रेल्वेचे फॉर्म, बोर्डाचे निकाल, लग्नाचे बायोडाटा अशी कामं. कॉलेज सुटलं होतं, पण कम्प्युटरचं वेड सुटलं नव्हतं. एकदा नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर एका मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळाली आणि मी पार बदलून गेलो. ही सिस्टीम कुणा कंपनीची नाही, तिचा सगळा कोड उघडा आहे, जगातला कुणीही वाचू शकतो, चूक दिसली तर दुरुस्त करू शकतो, हे मला एखाद्या धर्मासारखं वाटायला लागलं. कुलूप कसं बनलंय ते सगळ्यांना दिसतं, तरी कुणाला उघडता येत नाही, म्हणजे ते खरं कुलूप, असं मी चहाच्या टपरीवर लोकांना सांगायचो. लोक ऐकायचे आणि रेल्वे भरतीचा निकाल कधी लागेल ते विचारायचे.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक कम्प्युटर होता. प्रमिलाताई त्यावर तपासणीच्या नोंदी करायची. त्यावर चोरीच्या सीडीवरून टाकलेली जुनी सिस्टीम होती. एकदा व्हायरस आला आणि महिनाभराच्या नोंदी गेल्या. तिला पुन्हा त्याच गावांना जाऊन त्याच लोकांना सुई टोचावी लागली. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब फार वैतागले. मी गेलो आणि म्हटलं, मी लिनक्स टाकून देतो, पुन्हा हा त्रास होणार नाही. टाकून दिलं. आणि खरंच पुन्हा व्हायरस आला नाही, हे इथे नमूद करतो.

डॉक्टरसाहेबांना इंटरनेट हवं होतं, तर मी भिंतीला भोक पाडून माझ्या कॅफेतली वायर त्यांच्याकडे नेली. तेव्हा आमच्याकडे असंच चालायचं. एकाने लाइन घ्यायची आणि शेजारच्या चार दुकानांनी त्यावर भागवायचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मग साहेबांना ती यादी स्वतःच्या टेबलावरच्या कम्प्युटरवर बघायची होती. ती उघडेना, परवानगी नाही असं दाखवायची. मी एकदा गेलो, दोनदा गेलो, परवानग्या नीट लावायला बसलो, तर कॅफेत गिऱ्हाईक ओरडायला लागलं. तिसऱ्यांदा त्यांचा निरोप आला तेव्हा मी वैतागून तो फोल्डर सरसकट सगळ्यांना उघडा केला. पासवर्ड नाही, काही नाही. साहेबांना यादी दिसली, ते खूश झाले. उद्या नीट करू म्हणून मी परत येऊन बसलो. तो उद्या आला नाही. एकाच वायरीवर माझ्या कॅफेच्या सहाही मशीन होत्या, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्या क्षणी सुचणं यात फरक असतो.

कॅफेत माझा एक नियम होता आणि मला त्याचा अभिमान होता. प्रिंटरमधून निघालेला कागद मी कधी वाचायचो नाही. कुणाचं प्रेमपत्र असेल, कुणाचा नोकरीचा अर्ज असेल. छापलेली बाजू खाली करून पिन मारायची आणि हातात द्यायची. गिऱ्हाइकांना ते आवडायचं. तर एका दुपारी कधीतरी मी त्या यादीची पानं अशीच पालथी करून, पिन मारून, एका माणसाच्या हातात दिली. ते मला पुढे कळलं.

आधी कळलं ते हे की दवनीवाड्याच्या एका मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. तिचं नाव मी इथेही लिहीत नाही. साखरपुडा झाला होता. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की पोरीच्या रक्तात खोट आहे, आम्हाला आमच्या घरात रोग नको. मुलीच्या बापाने शपथेवर विचारलं, तुम्हाला हे कोणी सांगितलं. ते म्हणाले, दवाखान्याची यादी आहे. झालं. दवाखान्याची यादी म्हणजे प्रमिलाताई. दुसऱ्या दिवशी ती दवनीवाड्याला गेली तर एकाही ओसरीवर तिला कुणी बस म्हटलं नाही. ज्या बाईने आदल्या महिन्यात तिला लाखोरीचे वडे बांधून दिले होते तिने दार लावून घेतलं. निळा डबा रिकामाच घेऊन ती परत आली.

डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, यादी कम्प्युटरमधून बाहेर जाऊ शकते का. मी त्यांना मोठं व्याख्यान दिलं. उघडा कोड, जगभरचे हजारो डोळे, परवानग्यांची व्यवस्था, सगळं. शेवटी मी म्हणालो, "यादी मशीनमधून गेली नाही, सर. माणसातून गेली असेल." हे शब्द माझे आहेत. तेव्हा मला ते खरे वाटत होते, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी गुरुजी कॅफेत आले. हे निवृत्त मास्तर होते, पंचक्रोशीतल्या सोयरिकी जुळवायचे. पिशवीत बायोडाट्यांची चवड घेऊन यायचे आणि तिसऱ्या नंबरच्या मशीनवर बसायचे. म्हणाले, मागच्या वेळचा कागद पाण्यात भिजला, पुन्हा काढून दे. मी विचारलं, कोणता कागद.

"थांब गा, मीच काढतो. तुह्याच कम्प्युटरमधी हाय."

माउस हलवत त्यांनी एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, आणि माझ्या डोळ्यांदेखत दवाखान्याची यादी पडद्यावर आली. गाव, नाव, वय, आणि शेवटच्या रकान्यात निकाल.

"हे तुम्ही काऊन उघडलं, गुरुजी?"

"मले वाटलं सरकारी यादी व्हय. खुल्ली ठेवली म्हणजे सबके लिए हाय." त्यांना काहीच चुकल्यासारखं वाटत नव्हतं. "मी तं पुण्याचंच काम करून राहिलो, पोराकडच्यांले येळेवर सांगतलं. मालूम असून अशा घरी सोयरीक कायले लावू?" मग त्यांनी बोट खाली नेलं. "तुयं बी नाव हाय पाय इथं."

माझं नाव होतं. खाली आईचं होतं. गुरुजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि समजूत घातल्यासारखं म्हणाले, "तू कायले भेतेस? पोराचं कोणी इचारत नाही."

मी त्यांना हे कुणाजवळ बोलू नका म्हणालो. ते म्हणाले, मी तरी कायले बोलू, पोरीचा बाप माझ्याच दारात येऊन बसेल. त्यांची भीती आणि माझी भीती तेवढ्यात एकमेकींना समजली. ते गेल्यावर मी दवाखान्यात गेलो, मागच्या खोलीत बसलो आणि तो फोल्डर बंद केला. मग पासवर्ड टाकला आणि कॅफेची वायर वेगळी केली. अर्ध्या तासाचं काम होतं. ते मी महिन्याभरापूर्वी उद्यावर टाकलं होतं.

बाहेर आलो तर पायरीवर प्रमिलाताई बसली होती. मी आत काय करत होतो हे तिने विचारलं नाही. तिने वेगळंच विचारलं.

"सगळे मलेच इचारून राहिले, भाऊ. त्या मशीनले इचारलं का कोणी?"

मी म्हणालो, पाहतो ताई.

"पाय ना एकदा. तुले समजते त्यातलं. मले एवढंच समजते का मी कोणाले सांगतलं नाही."

ती अडाणीपणाने बोलत नव्हती. एखाद्या तपासणाऱ्याने विचारायला हवा होता तोच प्रश्न तिने विचारला होता, आणि तो फक्त तिलाच सुचला होता. मी पाहतो म्हणून कॅफेत आलो आणि कूलरमध्ये पाणी भरलं.

दोन दिवसांनी दुपारी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब, दवाखान्याच्या समितीचे दोन सदस्य, प्रमिलाताई आणि मी. दवनीवाड्याहून आलेले तिघे-चौघे बाहेर बाकावर बसले होते. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांना तिला काढायचं नव्हतं. त्यांनी सगळ्यांसमोर मला पुन्हा विचारलं, म्हणाले, सतीश, नीट विचार करून सांग, तुझ्या सांगण्यावर पुढचं आहे. मी म्हणालो, सिस्टीम सुरक्षित आहे, सर, आत्ता तपासून घ्या. तपासायला हरकत नव्हती. दोनच दिवसांपूर्वी मी तो फोल्डर बंद केला होता. खोटं न बोलता मी खोटं सांगितलं, आणि ते सांगताना आपण किती चतुर आहोत असंही क्षणभर वाटून गेलं. हे लिहायला सगळ्यात जड जाणारं वाक्य आहे.

प्रमिलाताईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "मी नाही देल्ली, साहेब." एकदाच म्हणाली. रडली नाही, वाद घातला नाही. महिनाअखेरीस काम सोडून द्यायला तिला सांगण्यात आलं. ती महिनाअखेरपर्यंत थांबली नाही. तिने नमुन्यांचा डबा धुऊन, उलटा करून, मागच्या खोलीच्या खिडकीत वाळत ठेवला आणि त्याच दिवशी गेली.

घरी आईने विचारलं, तू त्या लोकांना काय सांगितलं. मी म्हणालो, जे खरं ते. आईने मुलावर विश्वास ठेवला. त्यानंतर प्रमिलाताईचं नाव निघालं की ती म्हणायची, माह्यंही नाव होतं त्या यादीत, चुलीपाशी बसून शब्द देल्ला होता तिनं. बाबा एकदाच म्हणाले, आणि चक्क हळू आवाजात म्हणाले, की मशीन बिघडली तर मिस्त्रीने आधी आपला हात कुठे फिरला होता ते आठवायला पाहिजे. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दवाखान्याने तिच्या जागी दुसरी मुलगी ठेवली, पण गावांनी दारं उघडली नाहीत. वर्षभरात ते काम बंद पडलं. तिकडे पुढे किती लग्नं तपासणीविना झाली ते मला माहीत नाही. मी माहीत करून घेतलं नाही.

आता मी एका ऑफिसात सर्व्हर सांभाळतो, आणि त्यांतले बहुतेक लिनक्सवर चालतात. नवीन लागलेली मुलं विचारतात, सर, ओपन सोर्स खरंच जास्त सुरक्षित असतं का? मी त्यांना शांतपणे उत्तर देतो. कोड उघडा असला म्हणजे कुणीही तो बघू शकतो. कुणी बघितलाच असेल असं नाही. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून राहिलेल्या चुकाही निघाल्या आहेत. आणि बंद कोडवाल्यांकडेही चांगले कारागीर असतात. पण ती सिस्टीम कशी बसवली, कुणाला काय उघडं ठेवलं, ते कोड लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. फुलचूरच्या त्या मशीनचं लिनक्स निर्दोष होतं असं मी आजही म्हणेन. फोल्डर सगळ्यांना उघडा करणारी त्यातली एक ओळ माझी होती, आणि ती बघणारा या जगात मी एकटाच होतो.

इथपर्यंत मी मुलांना सांगतो. पुढचं सांगत नाही. उघड्या कोडच्या त्या पद्धतीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच होती. कुणाला दोष सापडला की तो लपवायचा नाही. कुठे होता, कुणामुळे राहिला, काय दुरुस्त केलं, हे नावानिशी सगळ्यांसमोर लिहायचं. बाकीच्यांनी तोपर्यंत सावध व्हावं म्हणून. तिची सुरक्षितता काही असेल तर ती या सवयीत आहे. मी सीडी घेतली, बढाई घेतली, आणि ही सवय तेवढी घेतली नाही. दोष गुपचूप मिटवला आणि त्याचं खापर एका बाईवर फुटू दिलं.

ती मला त्यानंतर एकदाच भेटली. मी आईला बघायला मुर्रीला आलो होतो, बाजारात ती भाजी घेत होती. केस पांढरे झाले होते. तिनेच हाक मारली. आता नवऱ्याच्या गावी असते, कपडे शिवते म्हणाली. काकू कशा आहेत विचारलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "तुयी ते सिस्टीम चालू हाय का अजून?" टोमणा नव्हता, निदान आवाजात तरी नव्हता. मी म्हणालो, हो ताई, आता तर सगळीकडे तीच चालते. "चांगलं हाय मंग," म्हणाली आणि बसला उशीर होतो म्हणून गेली. बस सुटायला वेळ होता. मी स्टँडपर्यंत गेलो आणि बाहेरूनच परतलो.

माझ्याकडून जे राहिलं आहे ते असं. आधी तिच्या गावी जाऊन तिला सांगायचं आहे. मग समितीतले जे एक सदस्य अजून फुलचूरला आहेत त्यांना, आणि दवनीवाड्यात ज्यांनी तिच्यासाठी दार लावून घेतलं त्या प्रत्येक घराला, मी स्वतः जाऊन सांगायचं आहे की यादी प्रमिलाताईने दिली नाही, ती माझ्या चुकीमुळे गेली, आणि त्या बैठकीत बसलो तेव्हा मला ते माहीत होतं. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.